बेल माझी, पंखा हिराबायचा

चहा घ्या, खारी घ्या आणि मग ऐका. ऐकून झाल्यावर मला वेड्यात काढलंत तरी माझी हरकत नाही. कारण ही भानगड झाली तेव्हा मी खरोखरच थोडा वेडा झालो होतो. फक्त ते मला कोणी सांगितलं नाही. सांगायला घरात होतं कोण?

विरार पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट, निवृत्तीनंतर घेतलेला. मी निवृत्त झालो आणि वर्षभरात माझी बायको, सुमन, गेली. मुलगा बंगलोरला. तो दर रविवारी फोन करायचा आणि "बाबा, जेवलात का?" असं विचारायचा. जणू बाकीचे सहा दिवस माझे उपास! एका दिवाळीला तो आला, तो एक बिनतारी बेल घेऊन. दाराबाहेर चिकटवायचं एक बटण आणि घरात प्लगमध्ये खोचायचा एक डबा. दोघांच्या मध्ये वायर नाही, काही नाही. बटण दाबलं की डब्यात पक्ष्यांची किलबिल.

"बाबा, आतल्या खोलीत असलात तरी ऐकू येईल."

"ते ठीक आहे. पण वाजवणार कोण?"

यावर तो बटण सरळ लागलंय की वाकडं, तेच बघत राहिला.

पहिले काही महिने ती बेल वाजवणारा मीच. संध्याकाळी फिरून आलो की बटण दाबायचं, आतली किलबिल ऐकायची आणि मग खिशातून किल्ली काढायची. पूर्वी बेल वाजवली की दार उघडलं जायचं, हाताला ती सवय. हसताय? रिकाम्या घरात एकदा येऊन बघा, मग हसा.

होळी झाली, उकाडा सुरू झाला. एका दुपारी मी पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो आणि बेल वाजली! मी घरात असताना! उठलो, चष्मा शोधला, बनियनवर शर्ट चढवला, केसांवरून हात फिरवला, दार उघडलं.

बाहेर कोणी नाही.

म्हटलं, उशीर केला आपण. आला असेल कोणी आणि गेला असेल. मला चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बेल वाजली, मी धावलो, जिना रिकामा. आता मी शर्ट घालूनच झोपायला लागलो. मग आरामखुर्ची दाराजवळ ओढली. काही उपयोग नाही. किलबिल होते, मी दार उघडतो, समोर भिंत. थोड्या वेळाने पुन्हा किलबिल, पुन्हा भिंत.

दुसरा एखादा माणूस बेल दुकानात घेऊन गेला असता. पण मी आयुष्यभर कारकुनी केलेली. प्रत्येक गोष्टीमागे एखादा माणूस असतो, यावर आमचा विश्वास. यंत्र बिघडलं असेल ही शंका आम्हाला सगळ्यात शेवटी येते.

मी तपास सुरू केला. बिल्डिंगमधली मुलं? ती दुपारी शाळेत. सेल्समन? सेल्समन बेल वाजवून निघून जात नाही, हेच तर त्याचं वाईट आहे. भूत? भूत भिंतीतून येईल, बेल कशाला वाजवत बसेल?

मग एक गोष्ट लक्षात आली. बेल दुपारच्या उकाड्यातच जास्त वाजते. एकदा वाजते, थोड्या वेळाने पुन्हा वाजते. आणि वीज गेलेली असताना कधीच वाजत नाही. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग रोजचंच होतं. वीज नसली की डबाही मुका होणार, हे कोणालाही सुचलं असतं. मला काय सुचलं? की येणारा माणूस अंधारात जिना चढायला घाबरतो. म्हणजे त्याचे गुडघे दुखतात. तो दुपारी येतो, म्हणजे बायको झोपल्यावर घरातून सटकतो. एकदा बेल वाजवतो, धीर सुटतो, खाली जातो, पुन्हा वर येतो, पुन्हा धीर सुटतो.

गुडघे दुखणारा, बायकोला भिणारा आणि मला तोंड दाखवायची लाज वाटणारा माणूस. अहो, सामंतच की!

सामंत माझा ऑफिसमधला मित्र. आमची टेबलं शेजारी शेजारी होती. डबा एकत्र, लोकलचा पास एकत्र काढायचा. माझ्या निवृत्तीच्या समारंभात त्याने सगळ्यांसमोर माझी नक्कल केली. मी चष्मा कसा पुसतो, मग समोरच्याकडे न बघता "बघू" कसं म्हणतो. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे पोट धरून हसले. सुमनसुद्धा हसली. मी त्याच दिवशी सामंताशी बोलणं टाकलं. पुढे तोही निवृत्त झाला आणि आगाशीला, बायकोच्या माहेरच्या वाडीत जाऊन राहिला, असं कानावर आलं. सुमन गेली तेव्हा तो भेटायला आला नाही. त्याला कळवलं होतं का, हा प्रश्न विचारू नका.

तर सामंताला पश्चात्ताप झालाय आणि तो रोज माझ्या दारापर्यंत येऊन परत जातोय! खरं सांगतो, मला भरून आलं. एखाद्याने आपल्यासाठी दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढावेत, म्हणजे काय? मी ठरवलं, आपणच मोठं व्हायचं. इस्त्रीचा शर्ट घातला आणि सरळ आगाशीची एसटी पकडली.

घर विचारत विचारत पोचलो. सामंत ओटीवर बसून सुपातले तांदूळ निवडत होता.

"अरे, कर्णिक! तू? ये ये! अगं, बघ कोण आलंय!"

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "सामंता, मी तुला माफ केलंय."

"बरं. कशाबद्दल?"

"उगाच वेड पांघरू नकोस. रोज येतोस, बेल वाजवतोस नि पळून जातोस. असं चोरासारखं कशाला? उद्यापासून थांबत जा. मी चहा टाकीन."

सामंताने सूप खाली ठेवलं. "मी येतो? कुठे?"

"माझ्या घरी."

"अरे, तुझं घर कुठे आहे हेच मला माहीत नाही! फोर्टमधली ती नोकरी सुटल्यावर तू पत्ता तरी दिलास का?"

एवढ्यात वहिनी पाणी घेऊन आल्या. सामंत त्यांना हळू आवाजात, म्हणजे मला स्वच्छ ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "याला बेल ऐकू येते म्हणे. मी वाजवतो."

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पाण्याऐवजी एखादा काढा आणायला हवा होता. "भावोजी, घरी सोबतीला कोण असतं हो?"

"कोणी नाही."

"सुमनताई?"

मी सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. सामंत नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मला ते सहन होईना. वहिनींनी निघताना सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा हातात कोंबला. सामंत म्हणाला, "पत्ता दे तुझा." मी रिक्षावाल्याला सांगावा तसा पत्ता सांगितला आणि पाठ फिरवली.

"मी येईन, कर्णिक," तो मागून म्हणाला.

येईन म्हणणारे काय करतात हे मला ठाऊक आहे. मीही आयुष्यभर येईनच म्हणत आलो होतो.

घरी पोचलो तो डोकं तापलेलं. मित्र जायचा तो गेलाच होता, आता वर वेडा ठरलो. राग कोणावर काढणार? बेलच्या बटणावर काढला. दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. वाज म्हटलं, किती वाजायचं ते वाज!

तोच खालून पावलं धाडधाड वर आली. समोर एक धिप्पाड बाई, नऊवारीचा काष्टा, कानात जाड सोनं, हातात एक रिमोट.

"भाऊ, तुमी वर काय मशीन चालवता?"

"मशीन? कसलं मशीन? आपण कोण?"

"मी हिराबाय. अर्नाळ्याची. तुमच्या खाली ऱ्हायला आलेय होळीपासून. माझा पंखा नाचतोय! आता चालू, आता बंद, आता चालू! पोराने दुबईवरनं आनलाय, रिमोटचा. रोज संध्याकाळी आपला आप बंद होतो. मी पोराला फोनवर सांगितलं, तुझ्या पंख्यात कोनतरी बसलाय. तर मला बोलतो, आये, तू एकटी असतेस म्हनून तुला असं वाटते."

"तुमच्या पंख्याचा माझ्याशी काय संबंध?" मी तोऱ्यात म्हणालो, आणि दाखवायला म्हणून बटण दाबलं. "ही आपली साधी बेल आहे."

हिराबाय थबकल्या. कान टवकारून कठड्यावरून खाली वाकल्या. "थांबा. मी खाली जाते. मी बोलले की दाबा."

त्या खाली गेल्या. "दाबा!"

दाबलं.

"फिरला! परत दाबा!"

दाबलं.

"थांबला! अगो बाय माझे! आता मी दाबते हा!"

आणि मी दाराबाहेर उभा, हात पाठीमागे, बटणाला स्पर्श नाही, तरी आत माझे पक्षी किलबिलले.

"वाजली काय?"

"वाजली!"

"आता?"

"वाजली हो, वाजली!"

जिन्यातली सगळी दारं उघडली. दोन म्हातारी माणसं एकमेकांना "फिरला!" "वाजली!" असं ओरडून सांगतायत, हे दृश्य बिल्डिंगने मन लावून पाहिलं.

तर असं होतं. दुपारी उकडलं की हिराबाय पंखा लावायच्या आणि वर माझी बेल वाजायची. गार वाटलं की पंखा बंद करायच्या, बेल पुन्हा वाजायची. जिला मी सामंताच्या मनाची घालमेल समजत होतो, ती हिराबायच्या जिवाची घालमेल होती, आणि तीही घामामुळे!

बाजारातल्या इलेक्ट्रिकवाल्याने सांगितलं, दोन्ही यंत्रं हवेतून एकच खूण पाठवतात, त्यामुळे ती एकमेकांचं ऐकतात. बेल घेऊन या, खूण बदलून देतो. मी हो म्हणालो आणि गेलो नाही.

का नाही गेलो? आता किलबिल झाली की मला कळायचं, हिराबाय मासळीबाजारातून आल्या. मासळीचा धंदा मुलाने बंद करायला लावलेला, पण रोज नुसता भाव करायला त्या जायच्याच. पुन्हा किलबिल झाली की कळायचं, झोप झाली. मी फिरून आलो की सवयीने बटण दाबायचो, आणि खालून आवाज यायचा, "आले काय भाऊ? पंखा लावा माझा परत!" मी पुन्हा दाबायचो. दिवसभरात माझं कोणाशी बोलणं व्हायचं ते एवढंच. ते दुरुस्त कशाला करायचं?

फक्त एक केलं. बेल वाजली की उठायचं नाही, हे अंगी बाणवलं. दाराजवळची खुर्ची खिडकीत नेली. शर्ट पुन्हा खुंटीला गेला.

आणि मग ती दुपार आली. मी बनियनवर, खिडकीत, वाचत बसलेला. बेल वाजली. मी पान उलटलं. पुन्हा वाजली. म्हटलं, आज हिराबायला काही सुचत नाहीये. पुन्हा वाजली, लागोपाठ. माझं टाळकं फिरलं. जागेवरूनच ओरडलो, "वाजवा! किती वाजवायची ती वाजवा! मी काही उठायचा नाही! मला नाही कोणाची गरज!"

बेल थांबली. मला बरं वाटलं. पुस्तकात डोकं घातलं.

थोड्या वेळाने जिन्यात हिराबायचा आवाज आला, मग कोणा पुरुषाचा, मग दोन्ही आवाज खाली गेले. आणि त्यानंतर खालून हसणं ऐकू आलं. आधी खोकल्यासारखं, मग गडगडाट. पुस्तक माझ्या हातातून गळालं. असं हसणारा माणूस मला एकच माहीत होता.

मी बनियनवरच खाली धावलो. हिराबायचं दार सताड उघडं. आत, दुबईच्या पंख्याखाली, सामंत पाट मांडून बसलेला, समोर तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी.

"भाऊ, तुमचे पावने!" हिराबाय गॅसजवळून म्हणाल्या. "माझा पंखा नाचाय लागला म्हनून मी भांडायला वर आले, तर हे दारात उभे. बोलले, तो आतून नको बोलतो, मी जातो. मी बोलले, जाता कुठे? उन्हातनं आलाय, जेवून जा."

मी दारातूनच म्हणालो, "सामंता, मला वाटलं पंखा आहे..."

"मी?" त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "कर्णिक, तीन मजले चढून आलो. आतून ऐकलं, मला कोणाची गरज नाही. म्हटलं, हा बरा झालेला दिसतोय."

मग त्याने बाजूचा पाट माझ्याकडे सरकवला. "सुमनवहिनींचं मला कोणी सांगितलं नाही रे," तो ताटाकडे बघत म्हणाला. "सांगितलं असतंस तर त्याच दिवशी आलो असतो. बस. बोंबील गार होतायत."

मी बसलो. बोंबील झणझणीत होते. डोळ्यांत पाणी त्यानेच आलं, असं मी दोघांनाही सांगितलं.

आता सामंत दर आठवड्याला विरारला येतो. पण तिसऱ्या मजल्यावर? छे! गुडघ्यांचं कारण सांगतो आणि दुसऱ्या मजल्यावरच थांबतो. मासे तिथे, गप्पा तिथे, पंखा तिथे. बसला की रिमोट उचलतो आणि दाबतो.

परवा समोरच्या फ्लॅटमध्ये मध्यंतरी राहायला आलेले गृहस्थ जिन्यात भेटले. म्हणाले, "काय हो कर्णिककाका, हल्ली तुमच्याकडे फार पाहुणे येतात वाटतं? बेल सारखी वाजत असते."

मी काही सांगणार इतक्यात आत किलबिल झाली. दाराशी आम्ही दोघंच उभे, बटणाला कोणी हात लावलेला नाही. ते दचकून दोन पायऱ्या खाली सरकले.

"घाबरू नका," मी म्हणालो, "मला बोलावणं आलंय." आणि माझ्याच घराची बेल वाजत असताना, माझ्याच दाराला बाहेरून कुलूप घालून मी पाहुणा म्हणून निघालो.