विनोदाच्या आधीचं हसू

रविवारी जेवणं झाल्यावर टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. तीन अविवाहित मित्र. त्यांना कुणी घर भाड्याने देईना, म्हणून त्यातला एक लग्न झाल्याची थाप मारतो. घरात बायको आहे हे पटावं म्हणून तिघं रोज दोरीवर तीच एक साडी वाळत घालतात. पुढे घरमालकिणीच्या भाचीवर त्या थापाड्याचाच जीव जडतो.

"पाहिलायस का रे?" मी नवऱ्याला विचारलं.

"छे! पहिल्यांदाच बघतोय."

मालकीणबाई दोरीपाशी आल्या, त्यांनी साडीचा पदर हातात घेतला आणि हा खो खो हसला. "अहो, बायकोला दुसरी साडी घ्या की!" हे त्या म्हणाल्या, ते नंतर.

माणसाला नावं लपवता येतात, फोटो लपवता येतात. हसू मात्र ओळखीची जागा आली की आपसूक पुढे धावतं. याच्या लग्नाआधीच्या दिवसांचं मला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. कुणाच्या तरी शेजारी बसून तो या साडीला पहिल्यांदा हसला असेल. ते बेसावध हसू तिला मिळालं, मला मिळाली त्याची आठवण.

पडद्यावर भाचीला सगळं कळलं. ती रडू लागली.

"माफ करेल का ती त्याला?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला. पण त्याचा चेहरा आधीच निवळला होता.

मग मी पडद्याकडे बघणंच सोडलं. सिनेमा संपेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर तिला शोधत राहिले.