सोनावहिनीची खापरी

श्रावणातल्या एका दुपारी शाळेच्या कामासाठी वाशीमला गेलो होतो. कचेरीच्या पायऱ्या उतरत होतो, तर समोरून आमच्या रिठदचा महादू येताना दिसला. त्याचा चेहरा पाहिला आणि माझे पाय तिथेच अडकले. गेली पाच-सहा वर्षं अशी बातमी घेऊन कुणीतरी येणार हे मी धरूनच चाललो होतो; बायकोला कॅन्सर असलेल्या माणसाला ही सवय लागते. महादू जवळ आला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, “मास्तर, सोनाबाई गेली.” खरं सांगतो, आधी माझा जीव भांड्यात पडला. गेली ती माझी शांता नव्हती! मग तो काय म्हणाला ते उमगलं आणि मी पायरीवरच बसलो. दुखणं आमच्या घरात मुक्कामाला, आणि मरण समोरच्या घरात शिरलं होतं. थोड्या दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, बस.

सोनावहिनी आमच्या समोरची. मधे फक्त गल्ली. नवरा किसनभाऊ अगदी मितभाषी, आणि का असू नये, त्याच्या वाटणीचंही तीच बोलून टाकायची. थोडीशी जमीन आणि उशिरा झालेली एकुलती एक कमल. नात्याने ती आमची कोणीच नव्हती. गावात तिचं नाव भांडखोर म्हणूनच जास्त होतं. विहिरीवर कुणी मधे घुसलं की तिचा आवाज माझ्या शाळेपर्यंत ऐकू यायचा, आणि मुलं पाढे सोडून हसायची. मीही तिला जरा बिचकूनच असे.

आमच्याकडे सकाळी सगळ्यात आधी चूल पेटे. मला शाळेपूर्वी आंघोळ लागते म्हणून शांता पहाटेच उठायची. गल्लीतल्या बायका मग खापरीवर, म्हणजे फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर, आमच्याकडून विस्तव घेऊन जात. घरोघरी काडी कोण ओढणार? त्या निमित्ताने दारात दोन शब्द होत, कुणाचं पोर रात्री रडलं, कुणाची गाय व्यायली हे कळे. शांताच्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे हे गावात पसरलं आणि आठवड्याभरात या खापऱ्या यायच्या बंद झाल्या. कुणी वाईट बोललं नाही. फक्त विस्तव दुसरीकडून जाऊ लागला. शांता चुलीपुढे बसून दाराकडे पाहत राही. गाठीपेक्षा त्याचंच तिला जास्त लागलं, असं मला आजही वाटतं.

मुंबईला ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा नातेवाईक जमले. सगळे भल्यासाठीच बोलत होते, त्यांना दोष देत नाही. आमची थोरली विमल दहा वर्षांची, तिला मालेगावला मामाकडे न्यायचं. बंडू माझ्या थोरल्या भावाकडे. तान्ही उषा मावशीकडे. घराला कुलूप. शांता भिंतीला टेकून ऐकत होती. सगळे जेवायला उठल्यावर ती मला एवढंच म्हणाली की एकदा कुलूप लागलं तर ही तिघं पुन्हा एका ताटाला बसायची नाहीत, त्यापेक्षा मी जातच नाही. मला स्वतःला चहासुद्धा धड करता येत नव्हता.

सोनावहिनी ओसरीवर तंबाखू मळत बसली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती आत आली आणि शांताच्या पुढ्यात उकिडवी बसली. “शांते, तू जाय. पोरं अठीच राह्यतीन. तुहा चुला मी थंडा होऊ देत नाही.”

नातेवाईक नाराज झाले, पण शांता बैलांच्या दमणीत बसली. वाशीमहून आगगाडी, अकोल्याला गाडी बदलून मुंबई. तिकडचे दिवस मी लिहीत नाही. इकडचं जे घडलं ते मला पुढे विमलने सांगितलं. सोनावहिनी रात्री कमलला घेऊन आमच्याच ओसरीवर निजायची. पहिले काही दिवस तिनेच भाकरी थापल्या. मग एके सकाळी ती उठून आपल्या घरी गेली आणि थोड्या वेळाने खापरी घेऊन दारात उभी राहिली. “विमल, विस्तव हाये काय वं?” विमल अंथरुणातच होती. चूल गार. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ती उंबऱ्यावर बसली. “पेटव मंग. मी बसतो अठी.” पोरगी रडत रडत फुंकत होती, डोळ्यांत धूर जात होता, आणि ही बाई जागची हलली नाही. विस्तव मिळाला तशी तो घेऊन भर गल्लीतून, सगळ्या बायकांना दिसेल अशी, सावकाश घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात विमल तिच्या हाकेआधी उठायला लागली, आणि एक-दोन जुन्या खापऱ्याही पुन्हा दारात आल्या.

आम्ही परत आलो तेव्हा विमलने मोठ्या माणसासारखं मला बाजूला घेऊन सांगितलं की काकूकडे काडेपेटी नाही, रोज विस्तव मागायला येते. मला वाईट वाटलं. पुढच्या खेपेला मुंबईहून मी तिच्यासाठी काडेपेट्यांचा एक अख्खा पुडा आणला आणि मोठ्या ऐटीत दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, पदर तोंडाला लावून हसत सुटली. “ठेवतो, कमलच्या लग्नाले होतीन.” आणि दुसऱ्या सकाळी खापरी घेऊन दारात! मी वैतागलो. तेव्हा शांता खाटेवरून म्हणाली, “अहो, तिच्या चुलीत राखेखाली विस्तव रात्रभर असतोच. ती आपली चूल बघायला येते.”

ही पुढची खेप कशी झाली तेही सांगितलं पाहिजे. वर्षभराने शांताच्या काखेत पुन्हा गाठ आली आणि तिने ती माझ्यापासून लपवली. ऑपरेशनपासून उजवा हात वर जात नाही म्हणून सोनावहिनीच तिची वेणी घालायची, तिच्या हाताला ती गाठ लागली. शांताने तिला शपथ घातली. सोनावहिनीने शपथ ऐकून घेतली आणि सरळ शाळेच्या दारात येऊन मला म्हणाली, “मास्तर, गाठ वापस आली. ते सांगत नाही, म्हून मी सांगतो.” शांताने तिच्याशी बोलणं टाकलं. ती मात्र रोज विस्तव न्यायला यायची, पाठ फिरवून बसलेल्या शांताच्या मागून घ्यायची आणि निघून जायची. शेवटी शांताच भडकली, की का येतेस, मला घरी मरूही देत नाहीस. सोनावहिनी खाली बसली. “मले तुह्या मरणाचं काही नाही वं. विमलले अजून भाकर गोल येत नाही. ते शिकवाले माय लागते... म्हून धाडून राह्यली तुले.” त्या वेळी मुंबईला विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावे लागले, आणि दोन वर्षांनी पुन्हा एकदा. तिन्ही वेळा आमच्या घराला कुलूप लागलं नाही. शांता आज आहे. उन्हाळ्यात परत दाखवायला जायचं आहे, पण आज आहे. डॉक्टरांचे उपकार मोठेच. तरी त्यांच्यापर्यंत तिला कुणी पोचवलं हे मला विसरता यायचं नाही.

ताप भरला त्या सकाळी सोनावहिनी नेहमीप्रमाणे आली होती. अंग मोडून आलंय म्हणाली, विस्तव न घेताच गेली. खापरी आमच्या चुलीपाशीच राहिली.

तेरावं झालं. सुतकात शेजारपाजारची जेवणं जात होती, ती थांबली. पाहुणे निघता निघता बोलू लागले की किसनभाऊला जमायचं नाही, पोरीला आत्याकडे धाडून द्यावं, घर बंद ठेवून त्यानेही तिकडेच शेतात मजुरी बघावी. शांताने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीच्या पाण्याची वाट पाहत होतो. चूल विमलने पेटवली होती, चांगली धडधडत होती. शांताने चुलीपासची ती काळी खापरी डाव्या हातात घेतली आणि गल्ली ओलांडली. आमच्या ओसरीवरून त्यांचं दार सरळ दिसतं. कमल विस्कटल्या केसांनी बाहेर आली.

“कमल, विस्तव हाये काय वं?”

पोरगी गोंधळली. चुला पेटला नाही म्हणाली. मग आत गेली, कोनाड्यातला तो मुंबईचा काडेपेट्यांचा पुडा जसाच्या तसा घेऊन आली. “काकू, हे नेता काय?”

“नको,” शांता म्हणाली आणि हाताला जपत उंबऱ्यावर टेकली. “त्यातली एक पेटी फोड अन् तू पेटव. मी बसतो अठी.”