'कोरडवाहू'चं खरं नाव

ती तक्रार आजही आठवते आणि मान खाली जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. जारचं पाणी विकणारे एक पुढारी तणतणत आले. काही मंडळी हौसेने इंटरनेटवर पाण्याचा नकाशा चालवायची: कुठली बोअर गोड, कुठली खारी, कुणाचा फिल्टर बंद. सगळे टोपणनावाने लिहायचे. 'कोरडवाहू' नावाने कुणीतरी लिहिलं होतं, यांचा फिल्टर बंद आहे, बोअरचं पाणी तसंच जारमध्ये भरतात आणि तेच जार शाळेत जातात.

बदनामीची तक्रार अदखलपात्र. न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपासाला हात लावायचा नसतो. मला हे पाठ होतं. तरी लावला.

हवालदारांना खबर मिळाली, नकाशा सांभाळणारा माढ्याचा एक शिक्षक आहे. नोटीस नाही, काही नाही. नुसता फोन करून बोलावलं.

"'कोरडवाहू'चं नाव सांगा, मास्तर," मी म्हणालो.

"साहेब, नाव फुटणार न्हाय या बोलीवरच लोक लिहित्यात. फुकट लिहित्यात ओ."

"फुकट?" हवालदार हसले. "मग शाळेत कळवू का, मास्तर ठाण्यात बसल्यात म्हणून?"

दुपारपर्यंत मास्तर टिकले. मग त्यांनी मोबाईल उघडून पुढे सरकवला. हवालदारांनी नाव मोठ्याने वाचलं. बाहेर बाकावर बसलेले पुढारी ताडकन आत आले. नाव त्यांच्या धाकट्या सुनेचं होतं.

"तक्रार मागं घेतो, साहेब. घरातलं हाय. आमचं आमी बघतो की."

आम्ही सही घेतली. लई झटक्यात उकल झाली, म्हणून हवालदार खूश.

त्याच आठवड्यात ती ठाण्यात आली, हातात कपड्यांची पिशवी. तिला मोडनिंबला माहेरी हाकललं होतं आणि लेकरू ठेवून घेतलं होतं. मी म्हणालो, "ताई, तुमच्या नावाने तक्रार द्या, आत्ता लिहून घेतो."

"माझं नाव? ते तर तुमी आधीच वाटून टाकलंय की." जाता जाता थांबली. "पाणी तपासलं का ओ कुणी?"

कुणीच तपासलं नव्हतं.

लेकरू तिने पुढे कोर्टातून मिळवलं. नकाशावर मात्र आमच्या भागातलं कुणी पुन्हा लिहिलं नाही. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता गावोगाव हेच बोलतो: फुकट राबून खरं सांगणाऱ्याचं नाव मागणं हा तपास नव्हे, तोंड दाबणं आहे. सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, टोपणनावाने भेकड लिहितात. भेकड? ती त्याच घरात राहून लिहीत होती. मी कमरेला पिस्तूल लावून बसलो होतो, आणि त्या पुढाऱ्याला साधं 'नाही' म्हणू शकलो नाही.