अंगाखालची चादर

दवाखान्यात सिस्टरनं वडिलांना अलगद एका कुशीवर वळवलं, जुनी चादर पाठीशी गुंडाळली, तिथे नवी अंथरली आणि मग त्यांना दुसऱ्या कुशीवर घेऊन जुनी काढून घेतली. वडिलांची झोपसुद्धा मोडली नाही. ते बघताना माझा सकाळचा संताप पुन्हा उसळला.

आमच्या कॉलेजच्या सर्व्हरची एक सेटिंग मला बदलायची होती. सर्व्हर चालू ठेवूनही ती बदलता येते; आत काम करणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. साहेब म्हणाले, "एवढा वेळ कुणाला आहे? बंद करून चालू करा." घरोघरी ऑनलाइन प्रवेशअर्ज भरत बसलेली मुलं अर्ध्यावरच बाहेर फेकली गेली. "भरतील परत," साहेब म्हणाले. समोर दिसत नाही म्हणजे माणूसच नाही का?

"झालं हं काका," सिस्टर वडिलांच्या कानाशी म्हणाली. झोपलेल्या माणसालाही तिनं सांगितलं. मी मात्र कुणालाच काही न सांगता बटण दाबलं होतं.