नमुन्याप्रमाणे नाही

रेणुका वाव्हळेच्या टाचणवहीवर तिसऱ्यांदा लाल रेघ पडली, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेरा तोच होता : "नमुन्याप्रमाणे नाही. पुन्हा लिहा."

रेणुका पालमची. वय चौतीस, दोन लेकरांची आई. इतिहासात एम.ए. होऊन दहा वर्षं घरात बसलेली. सासूला आणि नवऱ्याला समजावता समजावता नाकी नऊ आले, तेव्हा कुठं बी.एड.ला जायची परवानगी मिळाली, तीही एक वर्षसुद्धा वाया घालवायचं नाही या अटीवर. दोन वर्षं ती सकाळची एस.टी. धरून परभणीला येत होती. आता फक्त वार्षिक पाठ उरला होता. बाहेरचे परीक्षक शाळेत येऊन मागच्या बाकावर बसणार आणि तिनं आठवीला इतिहास शिकवायचा. पण टाचणावर इतिहासाच्या सरांची सही नसेल तर पाठ नाही आणि पाठ नाही तर वर्ष गेलं. पाठ उद्या अकराला होता.

टाचण म्हणजे पाठाचा आराखडा. कॉलेजात तो कुणी लिहीत नसे, उतरवत असे. मागच्या बॅचची वही पुढच्या बॅचकडे यायची. त्यात बाईंनी काय विचारायचं आणि मुलांनी काय उत्तर द्यायचं, सगळं आधीच ठरलेलं. अशी चाळीस टाचणं रेणुकानं मुकाट्यानं उतरवली होती. 'स्वातंत्र्यप्राप्ती'पाशी मात्र तिचा हात थांबला. पहिलाच प्रश्न होता : "१५ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्या गावात काय घडले?" शेजारी अपेक्षित उत्तर : "चावडीवर तिरंगा फडकला व मिठाई वाटली."

कुणाच्या गावात? त्या दिवशी इथं निजामाचं राज्य होतं. झेंडा लावणाऱ्याला पोलीस उचलून नेत. रेणुकाचे वडील सिद्धोधन आपल्या वडिलांकडून ऐकलेलं सांगायचे, की गावातल्या पोरांनी शिवून घेतलेला झेंडा तेरा महिने ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवला होता. तो बाहेर निघाला सतरा सप्टेंबर अठ्ठेचाळीसला निजाम शरण आल्यावर. तिनं टाचणात हेच लिहिलं होतं. लाल रेघ नेमकी त्यावरच होती.

ती वही घेऊन तडक स्टाफरूममध्ये गेली. इतिहासाचे दत्तराव सर चहा पीत होते.

"सर, नमुन्यातलं उत्तर चूक हाय."

"पाच वर्षं झाली, तीच फाईल चालायलीय मॅडम. कुण्या परीक्षकानं बोट ठेवलं न्हाई."

"दर सतरा सप्टेंबरला तुमीच झेंड्यापुढं भाषण करता ना?"

शेजारचे भुजंग सर फसकन हसले. चहा त्यांच्या शर्टावर सांडला.

"भाषण येगळं, टाचण येगळं," दत्तराव म्हणाले. "चूक असंल तर असू द्या. सगळ्यांची एकसारखी हाय. तुमची एकटीची येगळी दिसली की परीक्षक मलाच इचारणार. आन् कणगीत झेंडा! याला पुरावा काय?"

"मग मिठाईला काय पुरावा हाय सर?"

दत्तरावांनी कप खाली ठेवला. "सही पाहिजे का नको?"

सही पाहिजे होती. व्हरांड्यात मैत्रीण राजेश्रीनं आपली वही तिच्या हातात कोंबली. "उतरव गपगुमान. लय शहाणी हायेस तू, पण शहाणपण सही झाल्यावर कर."

रेणुकानं पेन इतकं दाबलं, की अक्षरं मागच्या पानावर उमटली. 'मिठाई' लिहिताना तिला स्वतःचीच किळस आली. दत्तरावांनी एक ओळही न वाचता सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी अकराला तिनं वर्गाला तोच प्रश्न विचारला. मागं परीक्षक आणि दत्तराव बसले होते. प्रियांका नावाची मुलगी उठली.

"बाई, आपल्या गावात कायच घडलं न्हाई. तवा आपण निजामात होतो."

"ए, मिठाई वाटली म्हण की!" पुढच्या बाकावरून आवाज आला. "मागच्या बाईंनी सांगितलंय!"

वर्ग हसला. राजेश्रीनं आठवड्यापूर्वी हाच पाठ याच वर्गावर घेतला होता. पोरांना अपेक्षित उत्तर तोंडपाठ होतं. आता दत्तराव मागून तिच्या टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवत होते. टाचणाप्रमाणे 'चूक, बस खाली' म्हणायचं होतं. प्रियांका अजून उभीच होती, कान लाल झालेली.

"बरोबर," रेणुका म्हणाली. "एकदम बरोबर. मग इथं झेंडा कधी लागला?"

"सतरा सप्टेंबर!" सगळा वर्ग ओरडला.

तिनं टाचण टेबलावर पालथं घातलं आणि तास संपेपर्यंत कणगीतला झेंडा शिकवला.

परीक्षकांनी शेरा लिहिला : "अध्यापन टाचणानुसार नाही. विद्यार्थ्यांची उत्तरे अपेक्षेप्रमाणे नाहीत." गुण जेमतेम पास होण्यापुरते.

"काठावर निघालात, नशीब समजा," दत्तरावांनी वही पुढं सरकवली. "शेरा मान्य म्हणून सही करा इथं."

रेणुकानं पेन उघडलं. शेऱ्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं : "शेरा वाचला. मान्य नाही. मुलीचे उत्तर बरोबर होते." आणि पूर्ण नावानं सही केली.

"अहो, हे काय करून ठेवलं? ही वही पुढच्या बॅचला जाती!"

"म्हणूनच लिवलं सर," ती म्हणाली. "उतरवू द्या."