लाल दोऱ्याची वायर

रोहा स्टेशनबाहेर एक बाई सुक्या मासळीच्या जुन्या टोपलीत चार्जिंगच्या वायरी विकते. तिला वाचता येत नाही, म्हणून ती खुणेला दोरे बांधते. नुसत्या चार्जिंगच्या वायरीला पांढरा, कॉम्प्युटरवर फोटोही नेणारीला लाल. मी लाल दोऱ्याची घेतली आणि घरी येताच तो गबाळा दोरा कापून टाकला.

महिन्याभराने आमच्या कारखान्यातल्या गणपतींचे फोटो घेऊन पेणहून रोह्याच्या छापखान्यात गेले. पत्रक त्याच दिवशी छापायचं होतं. वायर बसली, फोन चार्ज व्हायला लागला, पण कॉम्प्युटरला फोन दिसेचना. तणतणत तिच्याकडे गेले.

"खराब वायर दिलीत!"

तिने वायर बोटांनी चाचपली. "दोरा कुठं हाय गो?"

"कापला."

"मग ही माझी कशावरून?" ती खळखळून हसली. "बाय, तोंडं सगळ्यांची सारखी झाली आता. आतल्या तारा सारख्या नाय."

घरच्या खणातली भलतीच वायर मी उचलून आणली होती. तिने लाल दोऱ्याची दुसरी दिली, वर आणखी एक गाठ मारून. पत्रक वेळेत छापलं.

आता घरातल्या सगळ्या वायरींना मी दोरे बांधलेत. माझ्या गाठी सुटतात. तिची अजून सुटलेली नाही.