दोरीचा गेम

आमचा दादा स्वस्थ बसलेला मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. खुर्चीत बसला तरी त्याचा पाय हलत असतो. चहा निवायच्या आत पितो, जीभ पोळून घेतो आणि वर वहिनीवरच खेकसतो. आमचं चष्म्याचं दुकान आहे. मी काउंटर सांभाळते, तो आत काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणायचं त्याच्या अगदी जिवावर येतं.

त्याला नाद एकच, व्हिडिओ गेमचा. आणि जोडीदारही एकच, मास्तर. ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात, म्हणून मास्तर. दोघं शाळेपासूनचे मित्र. आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून रोज संध्याकाळी एकत्र खेळायचे.

मग तो दोरीचा गेम आला. दोघांनी डोंगर चढायचा, दोघांच्या कमरेला एकच दोरी. एक पुढे पळाला की दुसरा घसरतो आणि दोघंही थेट पायथ्याशी! समीक्षकांनी गेम डोक्यावर घेतला. खेळणाऱ्यांत मात्र उभी फूट पडली. काही म्हणाले, असा गेम झाला नाही. काही म्हणाले, समीक्षकांनी पैसे खाल्ले. दादा अर्थातच पैसे खाल्लेवाल्यांचा पुढारी. मास्तर दुसऱ्या बाजूला.

दादाने भलामोठा रिव्ह्यू ठोकला. ‘ही दोरी म्हणजे खेळणाऱ्याला शिक्षा आहे. दहापैकी एक.’ लोकांनी शाबासक्यांचा पाऊस पाडला. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा रिव्ह्यू आला, दोनच ओळींचा. ‘दोरीत काही दोष नाही. माझा जोडीदार थांबत नाही.’

दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या भरात हातातली काच वाकडी घासली गेली, ती फुकट.

“चारचौघांत काढली माझी!”

“पण खोटं काय लिहिलंय त्यांनी?” मी म्हटलं.

“तुला काय कळतंय त्यातलं? तूच बस माझ्याबरोबर. दाखवतोच तुला.”

दुपारी दुकान बंद असताना आम्ही आतल्या खोलीत बसलो. मला बटणंच सापडेनात. ‘थांब रे’ म्हणेपर्यंत हा वर पोहोचलेला. घसरलो. पुन्हा घसरलो. शेवटी माझं डोकं फिरलं.

“मास्तरांनी हे इतके दिवस सोसलं? पाया पडायला हवं त्यांच्या!”

“अगं, थांबत बसलो तर पोहोचणार कधी?”

“आणि आत्ता कुठे पोहोचलोय आपण?”

त्याने खिशातून फोन काढला. मास्तरांचा रिव्ह्यू पुन्हा उघडून बसला. खाली नवी ओळ आली होती. ‘शिखर गाठलं. दुसरा जोडीदार मिळाला. दहापैकी दहा.’

आता हा भांडण उकरून काढणार, असं मला वाटलं. पण त्याने आपला रिव्ह्यू सगळ्या शाबासक्यांसकट काढून टाकला आणि मास्तरांना लिहिलं, ‘एकदा परत येतोस का? पुढे तू.’

उत्तर आलं, ‘बघतो.’

“बघतो म्हणजे काय गं? आज की उद्या?”

“बघतो म्हणजे बघतो. आता वाट बघ.”

त्याने फोन खिशात टाकला, लगेच बाहेर काढला, काही न लिहिता पुन्हा ठेवला. दुकान उघडायची वेळ झाली होती. मी कुलूप काढायला उठले, तर तो तिथूनच म्हणाला, “कोण असेल गं तो दुसरा?”